होडीचा रात्रीचा मुक्काम

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली एक प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. धरणाचे पाणी ते, त्यात कसल्या आल्या आहेत लाटा?

प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नाही. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात लाटा समुद्राच्या प्रकरणात येतात आणि धरणे सिंचनाच्या प्रकरणात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याचा काठ मात्र भरपूर आहे. अकोले तालुक्यात भंडारदरा आणि निळवंडे, राहुरीजवळ मुळा धरणाचा ज्ञानेश्वर सागर, नेवासे आणि शेवगाव तालुक्यांना लागून जायकवाडीच्या नाथसागराचा दक्षिण काठ, आणि कर्जतच्या सीमेवर उजनीचा फुगवटा. या सगळ्या काठांवर मासेमारीच्या होड्या आहेत आणि दररोज संध्याकाळी प्रत्येक होडीवाल्यापुढे एकच प्रश्न असतो: आज रात्री होडी कुठे ठेवायची? कोकण किनाऱ्याने शिडाच्या होडीतून मजल दरमजल करत जाणाऱ्या प्रवाशापुढेही हाच प्रश्न असतो. फरक एवढाच की प्रवासी त्याच होडीत झोपलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात नेवासे तालुक्यात, प्रवरासंगमाच्या खालच्या अंगाला नाथसागराच्या काठी मी पाण्याचे नमुने घेत होतो. तेथे जमिनीची एक चिंचोळी जीभ पाण्यात घुसलेली आहे. दिवसभर पश्चिमेचा वारा होता, म्हणून एका मच्छीमाराची होडी जिभेच्या पूर्व अंगाला, म्हणजे आडोशाला उभी होती. सूर्य कलल्यावर त्याने ती वल्हवत जिभेला वळसा घालून नेली आणि नेमकी पश्चिम अंगाला, वाऱ्याच्या तोंडावर आणून उभी केली. मला हे उलटे वाटले. त्याने फक्त आग्नेयेकडे हात केला. तिकडे दूरवर ढगांचा डोंगर चढत होता. रात्री साडेआठच्या सुमारास त्याच दिशेने धुळीचा लोट घेऊन वारा आला. सकाळी होडी जागच्या जागी होती. जिभेच्या दुसऱ्या अंगाला मात्र काठावरच्या बाभळींत रात्रभरच्या लाटांनी आणलेला कचरा अडकला होता.

त्या माणसाने जे केले त्यात पदार्थविज्ञानाचे निदान तीन धडे आहेत.

वाऱ्याची धाव

पाण्यावरची लाट किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, वारा किती वेळ वाहिला, आणि तो किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहत आला. या तिसऱ्या अंतराला इंग्रजीत 'फेच' म्हणतात. आपण त्याला 'वाऱ्याची धाव' म्हणू. सामान्य माणूस पहिल्या गोष्टीचाच विचार करतो. मुक्कामाची जागा निवडणाऱ्याच्या हातात मात्र फक्त तिसरी गोष्ट असते. वारा त्याला बदलता येत नाही, धाव बदलता येते.

समुद्रशास्त्रज्ञांनी मोजमापांवरून बसवलेले एक सूत्र आहे. खोल पाण्यात, वारा पुरेसा वेळ वाहिला असेल तर, लाटेची उंची धावेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. धाव चौपट, तर लाट दुप्पट. समजा वारा सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने वाहतो आहे. धाव २०० मीटर असेल तर लाट सुमारे ११ सेंटिमीटरची होते. धाव १ किलोमीटर असेल तर सुमारे २४ सेंटिमीटर. आणि २० किलोमीटर असेल तर जवळजवळ १ मीटर. नाथसागर धरणाच्या भिंतीपासून वरच्या बाजूला सुमारे ५५ किलोमीटर पसरलेला आहे, तेव्हा २० किलोमीटरची धाव तेथे मुळीच अवघड नाही.

उंचीपेक्षाही महत्त्वाची आहे ती ऊर्जा. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि उंची धावेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून ऊर्जा सरळ धावेच्या प्रमाणात येते. २० किलोमीटर मोकळ्या पाण्यासमोर उभी असलेली होडी १ किलोमीटर पाण्यासमोरच्या होडीपेक्षा वीसपट ऊर्जेचे धक्के खाते. वारा दोघींना सारखाच असतो.

येथे एक खुलासा करायला हवा. नाथसागर खोल नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस किलोमीटर आणि पूर्ण भरल्यावरचा साठा सुमारे २९०० दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. (हा भागाकार वर्गात जरूर करून घ्यावा. एवढे मोठे धरण आणि एवढीच खोली, याचे मुलांना फार नवल वाटते.) उथळ पाण्यात लांब लाटांचा पाय तळाला टेकतो, त्यांची वाढ थोडी खुंटते, पण त्या अधिक उभ्या होतात आणि लवकर फुटतात. लहान होडीला उभी, आखूड लाट लांब, पसरट लाटेपेक्षा जास्त घातक असते. समुद्रावर मुरलेला माणूसही तलावातल्या लाटांना वचकून असतो तो यामुळेच.

आता वेळेचा भाग. १५ मीटर वेगाच्या वाऱ्याला २० किलोमीटरची धाव पुरेपूर वापरायला साधारण पावणेतीन तास लागतात. वळवाचे वादळ इतका वेळ टिकत नाही. मग वळवाचा वारा निरुपद्रवी म्हणायचा का? सेकंदाला २० मीटर वेगाचा झोत फक्त वीस मिनिटे वाहिला तरी त्याच सूत्राने लाट सुमारे ३३ सेंटिमीटरची येते. ही 'सार्थ उंची', म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून येणारी एखादी लाट हिच्या दीडपट किंवा त्याहूनही मोठी असते, म्हणजे अर्धा मीटर. माणसे आणि सामान भरलेल्या लहान होडीची कड पाण्यापासून कित्येकदा वीतभरच वर असते. कोरड्या जमिनीवरून पाहणाऱ्याला ही लाट गुडघाभर दिसते आणि तो विचारतो, कसल्या लाटा?

आडोसा कोणाचा?

धाव कमी करायची म्हणजे होडी आणि वारा यांच्यामध्ये जमीन आणायची. येथपर्यंत सोपे आहे. पण कोणती जमीन? नवशिका माणूस उंच कड्याखाली जागा शोधतो. उंच कड्यावरून ओलांडून येणारा वारा खाली कोसळतो, भोवरे करतो आणि कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने झोत मारतो. शेतीशी संबंध असलेल्या शिक्षकांना वारारोधक झाडांच्या रांगा माहीत असतील. भक्कम भिंतीपेक्षा थोडा वारा झिरपू देणारी झाडांची रांग चांगली, कारण भिंतीमागे भोवरे उठतात. रांगेच्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत वारा मंदावलेला राहतो. दहा मीटर उंचीच्या झाडांमागे शंभर-दीडशे मीटर. त्यामुळे सखल, झाडी असलेली जिभेसारखी जमीन नागड्या कड्यापेक्षा बरी.

लाटांना मात्र वाऱ्यासारखे अडवता येत नाही. लाट अडथळ्याच्या टोकावरून वळते. शाळेत आपण याला विवर्तन म्हणतो आणि प्रकाशाच्या प्रकरणात शिकवून मोकळे होतो. परातीत दोन बोटे पाणी घ्या, मध्ये एक वीट उभी करा आणि पट्टीने एका बाजूला सावकाश लाटा उठवा. विटेच्या मागेही लाटा पोचताना दिसतील. पट्टी भराभर हलवली, म्हणजे लाटा आखूड केल्या, की विटेमागची 'सावली' अधिक स्वच्छ होते. लांब लाटा जास्त वळतात.

समुद्रावर याला फार महत्त्व आहे. अरबी समुद्रात दूरच्या वादळांनी उठवलेल्या लाटा १० ते १२ सेकंदांच्या अंतराने येतात. अशा लाटेची खोल पाण्यातली लांबी १५६ ते २२५ मीटर भरते. या लाटा भूशिराला वळसा घालून आतल्या पाण्यात शिरतात. वाऱ्याने होडीचे तोंड एका दिशेला धरलेले आणि लाट बाजूने येणारी, मग होडी रात्रभर पाळण्यासारखी हलते. म्हणून नुसत्या भूशिरामागचा मुक्काम वेगळा आणि खाडीच्या आत, वळणापलीकडे घेतलेला मुक्काम वेगळा.

कोकणचा नकाशा या नजरेने पाहावा. विजयदुर्गाला वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी किल्ल्याचा खडकाळ उंचवटा पश्चिमेचा मारा स्वतःवर घेतो आणि त्याच्या आतले पाणी सुरक्षित राहते. मुखाशी वाळूचा दांडा नसल्याने खराब हवेतही आत शिरता येते, अशी या बंदराची जुनी ख्याती आहे. मराठ्यांच्या आरमाराने ते का धरून ठेवले, हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा परातीतली वीट अधिक चांगले सांगते. देवगडच्या बंदरातही वादळाची सूचना मिळाली की गुजरात आणि कर्नाटकातल्या मासेमारी नौका आश्रयाला येतात. उलट हर्णैचे बंदर पश्चिमेला उघडे. तेथल्या नौकांना हवा बिघडली की आंजर्ल्याच्या खाडीत किंवा त्याहून लांब जयगडसारख्या ठिकाणी जावे लागते, आणि आंजर्ल्याच्या मुखाशी गाळ साचलेला असतो. म्हणजे आडोसा जवळ असूनही आत शिरण्याची वाटच धोक्याची. लाटा फुटत असताना अशा मुखातून आत जाण्यापेक्षा बाहेर खोल पाण्यात राहणे बरे, असा निर्णयही कधी घ्यावा लागतो. आडोशाची जागा आधी पोचून निवडायची असते, धापा टाकत गाठायची नसते.

रात्री वारा फिरतो

आता त्या नेवाशाच्या मच्छीमाराकडे परत येऊ. संध्याकाळी जी जागा सर्वांत शांत असते ती पहाटे तीन वाजता तशीच राहील असे नाही. आपण संध्याकाळच्या वाऱ्यासाठी जागा निवडतो आणि झोपतो मात्र रात्रीच्या वाऱ्यात.

खारे वारे आणि मतलई वारे सातवी-आठवीच्या मुलांना पाठ असतात. कोकणात दुपारी वायव्य-पश्चिमेचा खारा वारा, उत्तररात्री जमिनीकडून मतलई. हिवाळ्यात हा क्रम इतका नियमित असतो की किनाऱ्याने शिडावर जाणारे त्याच्या वेळापत्रकाने चालत. मुक्कामाच्या दृष्टीने अर्थ असा की नांगरलेली होडी रात्रीतून साधारण अर्धा फेरा फिरते. संध्याकाळी जी काठापासून दूर रोखलेली होती ती पहाटे काठाकडे तोंड करते किंवा उलट. तिच्या फेऱ्याच्या वर्तुळात खडक येतो का, हे संध्याकाळीच पाहावे लागते.

भंडारदऱ्याला समुद्र नाही, पण दरी आहे. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या विल्सन धरणामागचे पाणी डोंगरांच्या मध्ये लांबट पसरले आहे. कळसूबाई (१६४६ मीटर) त्याच डोंगररांगेत. निरभ्र रात्री उतारांवरची हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखीच उताराने खाली वाहते. पर्वतीय वारा तो हाच. दिवसा आडोशाच्या वाटलेल्या ओढ्याच्या मुखाशी रात्री नेमका थंड हवेचा लोंढा उतरतो. ओढा पाणी वाहून आणतो तसा वाराही वाहून आणतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

वळवाच्या वाऱ्याचे कारण निराळे. गडगडाटी ढगातून पाऊस पडू लागला की त्याच्यासोबत थंड हवा वेगाने खाली येते, जमिनीवर आपटते आणि ढगापासून सर्व बाजूंना पसरते. म्हणून पहिला झोत बहुधा ढगाच्या दिशेने येतो, मग दिवसभर वारा कोणत्याही दिशेचा असो. आग्नेयेला ढग दिसले की आग्नेयेकडून आडोसा. मच्छीमाराने एवढेच केले होते.

चक्रीवादळात तर वाऱ्याची दिशा केंद्राच्या वाटचालीबरोबर बदलत जाते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रत्नागिरीच्या समोरून उत्तरेकडे सरकून रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्या वेळी रत्नागिरीजवळ समुद्रात नांगरून उभे असलेले 'बसरा स्टार' हे जहाज नांगर तुटून मिऱ्याच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर येऊन आदळले. खलाशी वाचले. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षे तेथेच पडून होते. वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल तर नांगर सुटल्यावर चूक सुधारायला जागा उरत नाही. वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर निदान वेळ मिळतो.

तळ आणि दोरी

आडोसा मिळाला तरी नांगर धरला पाहिजे. नांगर आपल्या वजनाने होडी धरतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. नांगर नांगरासारखाच काम करतो. शेतातला फाळ जसा आडव्या ओढीने जमिनीत घुसतो तसाच हाही. तोच नांगर वर उचलून ओढला तर फाळ जमिनीबाहेर येतो. तेव्हा सगळी करामत ओढ आडवी ठेवण्यात आहे.

नऊ मीटर लांबीच्या शिडाच्या होडीची वाऱ्यासमोर येणारी जागा, डोलकाठी आणि दोर धरून, १० चौरस मीटर समजा. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात तिच्यावर सुमारे ६०० न्यूटन, म्हणजे साठ किलो वजनाइतका जोर येतो. वारा २० मीटरचा झाला की २४०० न्यूटन. वेग दुप्पट, जोर चौपट. शिवाय होडी डावी-उजवी भरकटून बाजू दाखवते तेव्हा जोर आणखी वाढतो, आणि लाटेचे हिसके वेगळेच.

दोर ताणून सरळ झाला तर तळाशी होणारा कोन दोराची लांबी आणि खोली यांच्या गुणोत्तराने ठरतो. लांबी खोलीच्या तिप्पट असेल तर कोन साडेएकोणीस अंश, पाचपट असेल तर साडेअकरा, सातपट असेल तर आठ अंश. साखळी असेल तर पाचपट आणि दोर असेल तर सातपट, असा ढोबळ नियम त्यातून आला आहे. साखळीचे वजन तिला तळाशी झोळ देते आणि हिसकेही पचवते.

खोली मोजताना मात्र बरेच जण फसतात. खोली पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नव्हे, होडीच्या नाळेपर्यंत धरायची, आणि तीही भरतीची. समजा ओहोटीला ४ मीटर पाणी आहे आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. पाचाच्या पाचपट म्हणून २५ मीटर साखळी सोडली. रात्री भरतीने पाणी ३ मीटर चढले. आता एकूण खोली ८ मीटर आणि गुणोत्तर जेमतेम तीन. संध्याकाळी घट्ट बसलेला नांगर मध्यरात्री उचकटतो तो असा. सोडायला हवी होती ४० मीटर. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, दक्षिण कोकणात त्याहून कमी आणि भांगाच्या भरतीत आणखी कमी. म्हणून तिथी पाहून साखळी सोडावी लागते.

चाळीस मीटर साखळीवर नऊ मीटरची होडी म्हणजे पन्नास मीटरच्या आसपास त्रिज्येचे वर्तुळ. शंभर मीटर रुंद जागा एका होडीला लागते. शेजारी दुसरी असेल तर तिचे वर्तुळ निराळे.

तळ कोणता हेही पाहायचे. घट्ट चिखल आणि रेती चांगली. खडकावर नांगर घसरतो किंवा कायमचा अडकतो. पातळ गाळात तो फाळासारखा जातो आणि तसाच बाहेर येतो. जुने दर्यावर्दी खोली मोजायच्या शिशाच्या तळाला खोबण ठेवून तिच्यात चरबी भरत. चरबीला वाळू किंवा चिखल चिकटून येई आणि तळाचा नमुना हातात मिळे. मला हे उपकरण आजही मनापासून आवडते. नाथसागरात गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पोटात शंभराहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या. काळ्या मातीत नांगर छान धरतो, पण बांध, विहिरी, झाडांची खोडे आणि जुन्या भिंती तळाशी आहेत. तेथे नांगर न धरण्यापेक्षा परत वर न येण्याची भीती जास्त. त्यासाठी नांगराच्या डोक्याकडच्या बाजूला एक बारीक दोरी बांधून तिचे टोक तरंगत्या डब्याला लावतात. अडकलेला नांगर त्या दोरीने उलटा ओढून काढता येतो.

धरणात भरती-ओहोटी नसते, पण वारा पाणी ढकलून एका टोकाला साठवतो. १५ मीटर वेगाचा वारा २० किलोमीटर लांब आणि आठ मीटर खोल पाण्यावर तासन् तास वाहिला तर दोन टोकांच्या पातळीत सुमारे दहा सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. एवढ्याने बुडत नाही कोणी. पण सपाट काठावर पाण्याची रेघ काही मीटर सरकते आणि सकाळी होडी चिखलात बसलेली सापडते.

नांगर सुटला हे कसे कळते?

अंधारात होडी हळूहळू सरकत असेल तर आतल्या माणसाला काही जाणवत नाही. आगगाडीतल्या प्रवाशाला शेजारची गाडी हलली की आपली हलली हे कळत नाही, तसेच. आता मोबाइलमधली उपग्रहांवर चालणारी यंत्रणा काही मीटरांपर्यंत जागा दाखवते आणि ठरवलेल्या वर्तुळाबाहेर गेल्यास घंटाही वाजवते. पण जुनी रीत अजून चालते आणि ती शिकवण्याजोगी आहे. काठावरच्या दोन खुणा निवडायच्या, एक जवळची आणि एक लांबची, ज्या होडीतून एका रेषेत दिसतात: देवळाचा कळस आणि त्यामागचा डोंगराचा खांदा, किंवा रात्री दोन दिवे. होडी आडवी सरकली की दोन्ही खुणा एकमेकींपासून अलग होतात. हा पराशय. ताऱ्यांची अंतरे ज्या तत्त्वाने मोजली त्याच तत्त्वाने नांगर सुटल्याचे कळते. एक जोडी पुरत नाही, कारण त्या रेषेच्याच दिशेने होडी सरकली तर काही कळणार नाही. म्हणून साधारण काटकोनात दुसरी जोडी. आणि होडी नांगराभोवती फिरते म्हणून खुणा थोड्या मागेपुढे होणारच. मागेपुढे होऊन परत येतात की एकाच बाजूला वाढत जातात, हे पाहायचे.

ज्या शाळा जलाशयाजवळ आहेत त्यांना एक काम करता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारांत एक प्रमाणाचा नकाशा घ्यावा. गावच्या होड्या जेथे उभ्या राहतात तेथे टिंब द्यावे. त्यापासून आठ दिशांना समोरच्या काठापर्यंत रेषा ओढून प्रत्येकीची लांबी किलोमीटरमध्ये लिहावी. लांबीचे वर्गमूळ काढून त्याला २४ ने गुणले की सेकंदाला १५ मीटर वाऱ्यात त्या दिशेने येणाऱ्या लाटेची ढोबळ उंची सेंटिमीटरमध्ये मिळते. मग मुलांनी हा तक्ता घेऊन मच्छीमारांकडे जावे आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या वाऱ्याला ते होडी कुठे हलवतात हे विचारावे. नकाशा जुना असेल तर त्यातला काठ पूर्ण भरलेल्या धरणाचा आहे की नाही हे आधी तपासावे. मे महिन्यात पाणी आटल्यावर बेटे वर येतात, जिभा लांबतात आणि धाव निम्म्यावर येते. जानेवारीत काढलेला तक्ता मे महिन्यात चालत नाही, दोन वेगळे काढावे लागतात.